घर बांधण्याआधी जमिनीची चुंबकीय तपासणी : केंब्रिजशरमधला आमचा अनुभव

इंग्लंडमधल्या केंब्रिजशर काउंटीत, एका खेड्याच्या कडेला, घोडे सोडायच्या कुरणात तीन घरं बांधायची, असं आम्ही तीन कुटुंबांनी २०२३च्या दिवाळीत ठरवलं. आम्ही, माझे दीर-जाऊ आणि नवऱ्याच्या ऑफिसातलं एक मराठी कुटुंब. जमीन सव्वादोन एकर, म्हणजे साधारण ०.९ हेक्टर. वकीलबाईंनी करार शर्तीचा करायला लावला : प्लॅनिंग परमिशन मिळाली तरच खरेदी, आणि तोपर्यंत जमिनीवर पाहणी किंवा खोदाई करायला मालकांची लेखी संमती. हे दुसरं कलम मला तेव्हा उगाच वाटलं होतं. पुढचं वर्षभर सगळं त्याच कलमाच्या जोरावर चाललं. तुमच्या करारात ते नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या.

फेब्रुवारी २०२४मध्ये कौन्सिलकडे प्री-ॲप, म्हणजे अर्ज करण्याआधीचा सल्ला मागितला. त्याची फी वेगळी असते आणि ती कौन्सिलनुसार बदलते. उत्तर मार्चच्या अखेरीस आलं. रस्ता, झाडं, सांडपाणी यांबद्दल जे अपेक्षित होतं तेच होतं, पण शेवटी काउंटीच्या पुरातत्त्व अधिकाऱ्यांचा एक परिच्छेद होता. शेजारच्या शेतात विमानातून काढलेल्या फोटोंमध्ये जुन्या वस्तीच्या खुणा दिसतात. त्या आमच्या कुरणात शिरत असण्याची शक्यता आहे. तेव्हा अर्जाचा निर्णय होण्याआधी कागदोपत्री अभ्यास, भूभौतिकीय सर्वेक्षण (न खणता, यंत्राने जमिनीखालचा अंदाज घेणं) आणि त्यानंतर चाचणी-ट्रेंच (ठिकठिकाणी लांब चर खणून बघणं), हे सगळं करून अहवाल जोडावेत. खर्च अर्थातच अर्जदाराचा.

सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सरकारला बघायचंय ना खाली काय आहे ते? मग पैसे तुम्ही का द्यायचे?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी शोधाशोध केली. १९८९मध्ये लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावर एका ऑफिस इमारतीच्या पायाखाली 'रोझ' नावाचं एलिझाबेथच्या काळातलं नाट्यगृह सापडलं. काम अर्ध्यावर, बिल्डर अडकलेला, नट मंडळी रस्त्यावर निदर्शनं करतायत, आणि पैसे कोणी द्यायचे याचा पत्ता नाही. अशा प्रकरणांनंतर नोव्हेंबर १९९०मध्ये सरकारने 'पीपीजी १६' हे मार्गदर्शन काढलं. जमिनीखाली काय आहे याचा तपास परवानगीच्या आधी व्हावा आणि जो जमीन उकरणार आहे त्याने तो करावा, हे तत्त्व तिथून रुजलं. ते कागद २०१०मध्ये बदलले आणि २०१२पासून 'नॅशनल प्लॅनिंग पॉलिसी फ्रेमवर्क' आलं, पण तत्त्व तेच राहिलं. सासऱ्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. "म्हणजे रीतसर आहे तर," एवढंच म्हणाले.

एप्रिलमध्ये कागदोपत्री अभ्यास करून घेतला. सल्लागार काउंटीच्या 'हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड'मधली, म्हणजे जुन्या अवशेषांच्या नोंदवहीतली, आसपासची प्रत्येक नोंद मागवतो (त्याचीही फी असते), जुने नकाशे लावून बघतो आणि एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा फुकट मिळणारा लायडारचा (विमानातून लेसरने मोजलेला) उंचसखल नकाशा तपासतो. आमच्या कुरणात लायडारवर एकमेकांना समांतर पुसट वरंबे दिसले. मध्ययुगातल्या नांगरटीचे ते अवशेष, इकडच्या गावांत सर्रास असतात. शेजारच्या शेतातल्या खुणांचं कारणही तेव्हाच कळलं. बुजलेल्या खंदकातल्या मातीत ओल जास्त टिकते, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात त्यावरचं पीक अधिक उंच आणि हिरवं राहतं आणि आकाशातून खंदकाची रेघ दिसते. आमच्याकडे पीकच नव्हतं, गवत होतं, म्हणून रेघा जणू कुंपणापाशी थांबल्या होत्या. या अभ्यासाला आम्हाला सुमारे १,२०० पाउंड लागले, वर २० टक्के व्हॅट. जमिनीवर बोली लावण्याआधी अशा नोंदी शोधायच्या 'हेरिटेज गेटवे' या साइटवर गावाचं नाव टाकून बघितलं तर निम्मी कल्पना घरबसल्या, फुकट येते.

एक अप्रिय गोष्ट इथेच सांगून टाकते. स्वतः घर बांधणाऱ्यांना बांधकाम साहित्यावरचा व्हॅट परत मागता येतो, पण व्यावसायिक सेवांवरचा मिळत नाही. पुरातत्त्वाची बिलं त्या दुसऱ्या खात्यात जातात. बजेट करताना व्हॅट धरूनच आकडे मांडा.

सर्वेक्षणासाठी 'चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आर्किऑलॉजिस्ट्स'च्या नोंदणीकृत संस्थांच्या यादीतून तिघांकडून दर मागवले. तिन्ही आकड्यांत बरंच अंतर होतं, आणि त्याचं कारण मजेशीर निघालं. एकाने फक्त मैदानी कामाचा दर दिला होता, अहवाल वेगळा. दुसऱ्याने आर्किटेक्टच्या नकाशावर बसेल अशी फाइल देण्याचे पैसे निराळे लावले होते. सगळं समान पातळीवर आणल्यावर फरक किरकोळ उरला. आम्ही निवडलेल्यांनी अहवालासकट साधारण १,४०० पाउंड अधिक व्हॅट घेतला. जागा छोटी असली तरी दर फारसा उतरत नाही, कारण माणसं, गाडी आणि यंत्र यायचं ते येतातच.

मी त्यांना फोनवर विचारलं होतं, रडार का नाही? टीव्हीवर तर तेच दाखवतात. उत्तर असं मिळालं की रडार पक्क्या फरशीखाली, शहरात, भिंती शोधायला उत्तम. पण चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरून जातात. विद्युतरोध मोजण्याची पद्धतही आहे, तीही भिंती-पायांसाठी चांगली, पण हळू चालते आणि जमिनीत ओल किती यावर अवलंबून असते. आमच्याकडे अपेक्षा खंदक, खड्डे आणि चुलींची होती, म्हणून मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतले बारीक चुंबकीय फरक टिपणारं यंत्र. तुमची जागा 'शेड्युल्ड' म्हणजे कायद्याने संरक्षित स्मारकात येत असेल, तर नुसतं असं यंत्र फिरवायलाही १९७९च्या कायद्याच्या कलम ४२खाली हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा-संस्थेचा परवाना लागतो. आमची येत नव्हती.

काम सुरू व्हायच्या आधी आणखी एक कागद लागतो : 'रिटन स्कीम ऑफ इन्व्हेस्टिगेशन'. कुठलं यंत्र, किती अंतराच्या ओळी, माहिती कशी जपणार, सगळं त्यात असतं. तो सर्वेक्षक लिहितात आणि काउंटीचे अधिकारी मंजूर करतात. या मंजुरीला जवळजवळ तीन आठवडे गेले. रागावून उपयोग नसतो. एकेका अधिकाऱ्याकडे अख्ख्या जिल्ह्याचे अर्ज असतात. ईमेलमध्ये अर्जाचा क्रमांक आणि गावाचं नाव विषयातच लिहिलं की उत्तर लवकर येतं, हे मात्र अनुभवाने सांगते.

जूनच्या मध्यावर सर्वेक्षणाचा दिवस ठरला. त्याआधी आमच्यासाठी कामांची यादी आली : गवत घोट्याएवढं कापा, घोडे हलवा, विजेच्या कुंपणाची पट्टी आणि लोखंडी खुंट्या काढा, ट्रेलर लांब न्या. आणि एक ठळक अक्षरांत, की सेंद्रिय कचऱ्याचं तयार खत पसरू नका. त्या खतात धातूचे बारीक कण आलेले असतात आणि एकदा ते शेतात गेले की चुंबकीय चित्र कायमचं बिघडतं. मालक म्हातारे आहेत आणि घोड्यांवर त्यांचा जीव. ते म्हणाले, "खत कधी घातलं नाही, पण चाळीस वर्षांचे नाल आहेत खाली." सर्वेक्षकांनी मान डोलावली. कुरणात हे असतंच म्हणे.

सकाळी दोघं आले, एक तरुणी आणि तिचा सहकारी. दोघांच्या अंगावर लोखंड नावाला नव्हतं : पॅन्टला झिप नाही, पट्ट्याला बक्कल नाही, बुटांत स्टीलची टोपी नाही, खिशात किल्ली-मोबाइल नाही. आधी उपग्रहाच्या साहाय्याने ३० मीटर बाय ३० मीटरचे चौकोन आखून बांबूच्या काठ्या रोवल्या. आमचं कुरण बरोब्बर चौकोनी नसल्याने कडेचे अर्धेमुर्धे धरून एकूण दहा चौकोनांएवढं क्षेत्र भरलं. मग ती तरुणी दोन उभ्या नळ्यांचं यंत्र घेऊन चालायला लागली. तिफण चालावी तशी, एका ओळीने जायचं, पुढच्या ओळीने परत यायचं, पावलांची लय न बदलता. ओळींत एक मीटरचं अंतर आणि ओळीवर दर २५ सेंटीमीटरला एक नोंद. एका पूर्ण चौकोनात ३,६०० नोंदी होतात.

जेवणाच्या सुट्टीत तिने समजावलं ते मला आवडलं. इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४९,००० नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतं, आणि बुजलेला खंदक त्यात फरक पाडतो तो जेमतेम काही नॅनोटेस्लांचा. म्हणून प्रत्येक नळीत एक मीटर अंतरावर वर-खाली दोन संवेदक असतात आणि यंत्र त्या दोहोंतला फरक नोंदवतं. मोठं क्षेत्र दोघांना सारखंच जाणवतं, ते वजा होतं, आणि उरतं ते पायाखालचं. वस्तीतली वरची माती, चुली आणि कुजण्याच्या क्रियेमुळे, खालच्या मुरमापेक्षा अधिक चुंबकीय झालेली असते. ती खंदकात साचली की खंदक यंत्राला दिसतो. भट्टी किंवा कुंभाराचा आवा तर फारच ठळक, कारण मातीतले लोहकण तापून थंड होताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतात.

आणि गंमत म्हणजे या सगळ्याची सुरुवात याच काउंटीत झालेली. १९५८मध्ये पीटरबरोजवळच्या वॉटर न्यूटन इथे ए-१ रस्ता रुंद होणार होता. वाटेत रोमन काळातल्या भट्ट्या असाव्यात असा अंदाज होता, तेव्हा ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन एटकेन प्रोटॉन मॅग्नेटोमीटर घेऊन आले आणि त्यांनी त्या शोधून दाखवल्या. म्हणजे पुरातत्त्वातलं हे चुंबकीय तंत्र जन्मलंच मुळी रस्त्याच्या कामाआधीच्या घाईत.

संध्याकाळी काम संपलं. कच्चं चित्र दोन दिवसांत ईमेलने आलं आणि आम्ही सहाही जण एका लॅपटॉपवर वाकलो. करडा चौकोन, त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा सडा (नाल!), तारेच्या कुंपणालगत जाड काळपट झालर, तिरप्या समांतर रेघा आणि एका कडेने काळ्या-पांढऱ्या मण्यांची माळ. ती माळ म्हणजे लोखंडी पाण्याची पाइप. मालकांनाही तिचा पत्ता नव्हता. आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात, एवढ्या गोंधळातही स्पष्ट, एक गोल. बारा मीटर व्यासाचा, पूर्वेकडे एक फट असलेला.

दक्षिणेचा कोपरा म्हणजे ऊन चांगलं येणारा. तो दीर-जावांच्या वाट्याला आला होता. जाऊ बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनी, नेमकं आमच्याच स्वयंपाकघराखाली यावं का हे?"

जुलैमध्ये अहवाल आला. त्यात 'आहे' हा शब्द जवळजवळ नाहीच. 'असण्याची शक्यता', 'बहुधा', 'अनिश्चित'. आर्किटेक्टला त्याचा वैताग आला, पण मला त्यात प्रामाणिकपणा दिसला. गोल म्हणजे बहुधा लोहयुगातल्या गोल घराभोवतीची, छपराचं पाणी जाण्याची नाली. त्याच्या जवळून जाणारी वळणदार रेघ म्हणजे आवाराचा खंदक. तिरप्या रेघा मध्ययुगीन नांगरट. आणि उत्तरेचा निम्मा भाग 'चुंबकीयदृष्ट्या शांत'. आमच्या मित्राने त्याचा अर्थ 'मोकळा' असा लावला आणि आनंदून तसा मेसेजही टाकला. अहवालाच्या तिसऱ्या पानावर मात्र लिहिलं होतं की लहान खांबांचे खड्डे, दफनं, आणि आसपासच्या मातीसारख्याच मातीने बुजलेल्या गोष्टी या पद्धतीला अनेकदा दिसत नाहीत. हे पान वाचल्याशिवाय चित्रावरून घरांच्या जागा ठरवू नयेत, असं माझं ठाम मत झालंय.

आर्किटेक्टने चित्र नकाशाखाली घालून दीर-जावांचं घर वीस मीटर उत्तरेकडे सरकवलं. इथेच खरा फायदा झाला. अर्ज अजून दाखलच केला नव्हता, त्यामुळे घर हलवणं म्हणजे संगणकावरची एक दुपार.

ट्रेंचसाठी तारीख मिळाली सप्टेंबरच्या अखेरची. आठ ट्रेंच, प्रत्येकी ३० मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद. म्हणजे जागेच्या पाच टक्क्यांच्या जरा आत. काही मुद्दाम खुणांवर आणि काही मुद्दाम शांत भागात, कारण चित्राची परीक्षाही घ्यायची असते. जेसीबीला दात नसलेलं बकेट लावून पुरातत्त्वज्ञाच्या नजरेखाली एकेक पातळ थर काढतात. खोदणारा ड्रायव्हर इतका हळुवार होता की त्याच्या हातात घराची चावी द्यावी. हा सगळ्यात मोठा खर्च : यंत्र, माणसं, पुन्हा भरणं आणि अहवाल मिळून नऊ हजार पाउंडांच्या आसपास, अधिक व्हॅट. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. मानवी अवशेष निघाले तर न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो, सोनं-चांदी निघाली तर १९९६चा ट्रेझर (म्हणजे जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंचा) कायदा, आणि दोन्हीत वेळापत्रक आपल्या हातात राहत नाही.

तसं काही निघालं नाही. गोल खरा ठरला : दोन वितींएवढी खोल नाली, तिच्यात काळसर खापरांचे तुकडे आणि गुरांची हाडं. खापरांवरून इसवी सनापूर्वीचं तिसरं-दुसरं शतक सांगितलं, म्हणजे आपल्याकडे मौर्यांचा आणि त्यांच्या नंतरचा काळ. चित्रात 'भट्टी असण्याची शक्यता' म्हणून ठळक दाखवलेला काळा डाग मात्र गंजलेली लोखंडी खाट निघाली. आणि शांत उत्तर भागातल्या एका ट्रेंचमध्ये खांबांचे चार छोटे खड्डे ओळीने मिळाले, यंत्राला अजिबात न दिसलेले. बहुधा धान्य साठवायच्या मचाणाचे.

सापडलेल्या वस्तू कुणाच्या, हा प्रश्न आमच्याकडे जरा वेगळा झाला. ट्रेझर सोडल्यास इंग्लंडमध्ये त्या जमीनमालकाच्या असतात, आणि तोवर मालक आम्ही नव्हतो. मालक आजोबांकडे वस्तू काउंटीच्या संग्रहाला देण्याचा फॉर्म नेला. त्यांनी एक खापर हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि सही केली. म्हणाले, "माझ्या बायकोला आवडलं असतं." ही सही खरेदी पूर्ण व्हायच्या आधी घ्या, नंतर हक्काचा घोळ होतो.

पूर्ण अर्ज डिसेंबर २०२४मध्ये गेला. तेव्हा घरामागे फी ५७८ पाउंड होती, तिघांची मिळून १,७३४. कायद्याने आठ आठवडे, पण कौन्सिलने मुदतवाढ मागितली आणि आम्ही दिली. परवानगी मार्च २०२५च्या शेवटच्या आठवड्यात हातात आली. पुरातत्त्व अधिकाऱ्यांनी गोलाची जागा न खोदता तशीच ठेवायला सांगितली : वर घर नाही, खोल मुळांची झाडं नाहीत आणि बांधकामाच्या काळात भोवती कुंपण. संपूर्ण उत्खनन करायचं तर आकडा ट्रेंचच्या कितीतरी पट झाला असता. येण्याजाण्याचा रस्ता मात्र खंदकावरून जात होता, तेवढी पट्टी उघडून, नोंदवून मगच रस्ता करायचा अशी अट पडली.

ही अट 'काम सुरू करण्याआधीची' असते. ती मोकळी होण्याआधी, म्हणजे ती पुरी झाल्याचं कौन्सिलने लिहून देण्याआधी, पाया खणला तर परवानगीच धोक्यात येऊ शकते, मग बिल्डर कितीही घाई करो. अट मोकळी करून घेण्याच्या अर्जाला २०२५मध्ये २९८ पाउंड पडत होते, आणि ही फी अर्जामागे असते, अटीमागे नाही. म्हणून गटार, झाडं आणि पुरातत्त्व यांचे कागद एकदमच पाठवले. शब्दरचनाही तपासा. आमच्या अटीचे टप्पे होते : योजना, मैदानी काम, अहवाल आणि संग्रहात जमा करणं. पहिले दोन झाले की बांधकाम सुरू करता येईल असं त्यात स्पष्ट लिहून घेतलं होतं, नाहीतर अंतिम अहवालाची वाट बघत वर्ष गेलं असतं.

रस्त्याची पट्टी जूनमध्ये उघडली, खंदक नोंदवला, आणखी दोन पेट्या भरल्या. संग्रहाचं कोठार पेटीमागे पैसे घेतं, तेही अंदाजपत्रकात धरा. जुलैत पहिल्या दोन टप्प्यांच्या मंजुरीचं पत्र आलं आणि पाया खणायला सुरुवात झाली, सगळ्यात आधी जावेच्या घराचा. तिला जुन्या कोपऱ्याएवढं ऊन मिळणार नाही, पण गोलाच्या जागेचं सामाईक अंगण तिच्याच दारासमोर आलंय आणि तिथे कुणी काय लावायचं नाही याची यादी तिने फ्रिजवर चिकटवून ठेवलीय. अंतिम अहवाल अजून यायचाय. त्याची एक प्रत, अट मोकळी झाल्याचं पत्र आणि सर्वेक्षणाची फाइल घराच्या कागदपत्रांतच ठेवा. कर्ज देणारी बँक आणि पुढे कधी घर विकलं तर घेणाऱ्याचा वकील, दोघंही तेच मागतात.